स्वारगेट मेट्रो स्टेशन: शिरोलीच्या फाउंड्रीतून पिंपरीला जाणाऱ्याचा अभिप्राय

कोल्हापूरच्या माणसाचा पुण्यातला खरा त्रास स्वारगेटला उतरल्यावर सुरू व्हायचा. 'व्हायचा' म्हणतोय, कारण २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथं जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन चालू झालंय. ज्यांची नोकरी कोल्हापुरात आणि गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवडात, अशा लोकांसाठी त्या स्टेशनानं फार मोठं काम केलंय. आमच्या एमआयडीसीत अजून बरेच जण स्वारगेटला उतरले की सवयीनं रिक्षाच शोधतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्या उसाच्या चरकांवर आणि ऑइल इंजिनांवर वाढल्या. उद्यमनगरातल्या मेस्त्री लोकांनी हातानं घडवलेला धंदा पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला पसरला. आता आमचा बराच माल गाड्यांच्या कारखान्यांना जातो आणि त्यातले पुष्कळ कारखाने पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात आहेत. नवीन पॅटर्नवरचं (ओतकामाच्या नमुन्यावरचं) पहिलं सॅम्पल निघालं की ते गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यापुढं ठेवून, मापं एकत्र बसून बघून, सही घेऊन यावं लागतं. ट्रान्सपोर्टनं पाठवलं की दिवस जातो, आणि फोनवर डायमेन्शनची भांडणं मिटत नाहीत. त्यामुळं बेअरिंग कॅप, ब्रॅकेट असला लहान जॉब असला की पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून बॅगेत टाकायचा आणि सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून, एसटी धरायची, ही आमची जुनी रीत.

पूर्वी स्वारगेटला उतरलं की पुढं दोनच रस्ते. एक तर निगडीकडं जाणारी पीएमपीची बस. तिच्यात जड बॅग घेऊन उभं राहायचं म्हणजे दापोडी येईपर्यंत खांदा निखळायची वेळ. नाहीतर रिक्षानं शिवाजीनगर गाठायचं आणि तिथनं लोणावळा लोकल. रिक्षावाल्यानं बॅगेचं वजन बघितलं की मीटरचं नाव निघायचं नाही. कोल्हापूर ते स्वारगेट एवढ्या प्रवासानं माणूस थकत नव्हता. तो थकायचा स्वारगेट ते पिंपरीत, आणि गिऱ्हाइकापुढं जाईपर्यंत शर्टाची रया गेलेली असायची.

मेट्रो आमच्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं आली. पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली. ६ मार्च २०२२ ला या मार्गिकेवर पीसीएमसी (पिंपरीकडचं टोकाचं स्टेशन) ते फुगेवाडी एवढाच तुकडा सुरू झाला. पिंपरीकरांना तो ठीक होता, एसटीनं येणाऱ्याला फुगेवाडीचा काही उपयोग नव्हता. १ ऑगस्ट २०२३ ला गाडी शिवाजीनगरवरून सिव्हिल कोर्टापर्यंत आली. त्या स्टेशनला आता जिल्हा न्यायालय म्हणतात. तिथपर्यंत आली तरी स्वारगेट ते कोर्ट हे अंतर रिक्षालाच जात होतं. शेवटचा तुकडा पुण्याच्या पोटातला, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. त्याचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलेलं, पुण्यात पावसानं कहर केला, पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला आणि तीन दिवसांनी ते ऑनलाइन झालं.

हा शेवटचा तुकडा का रखडला असेल, हे खाली गेल्यावर कळतं. शिवाजीनगर ते स्वारगेट अशी पाच स्टेशनं भूमिगत आहेत. वर जुन्या पेठा, वाडे, मंडईची गर्दी, आणि मध्ये मुठा नदी. वरून खणत जाणं शक्यच नव्हतं. बोगद्यासाठी मशिनं उतरवली, त्यांना नावं दिली मुळा, मुठा आणि पवना. दख्खनचा काळा खडक कापत, मागं सिमेंटच्या तयार तुकड्यांची कडी बसवत ती पुढं सरकत होती. डोक्यावर शंभर वर्षांचे वाडे असताना जमीन किती हलतेय ते सतत मोजावं लागतं. मी मोजमापाच्याच धंद्यातला माणूस आहे, त्यामुळं या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. वरच्या पेठेतला माणूस भाजी घेत होता आणि त्याच्या पायाखालून बोगदा गेला, ही साधी गोष्ट नव्हे.

स्टेशनं मात्र मोठा खड्डा काढूनच बांधली जातात. स्वारगेटच्या खड्ड्यात २०१९ मध्ये एक जुनं बांधीव भुयार लागलं होतं. तेव्हा पेपरात त्याचे फोटो आले आणि आमच्या कँटीनमध्ये पेशव्यांच्या गुप्त वाटेपर्यंत चर्चा गेली. जाणकारांनी बघून सांगितलं की ती पाण्याची वाट, जुन्या पाणीपुरवठ्याच्या कामातली. मला तर गुप्त वाटेपेक्षा हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. शहराला पाणी पाजण्यासाठी कुणीतरी जमिनीखाली इतकं नेटकं बांधकाम केलं, आणि पुढच्या पिढीनं माणसं वाहून नेण्यासाठी खणताना ते उघडं पडलं. त्यातला थोडा भाग स्टेशनात लोकांना बघायला ठेवला तर मी थांबून बघीन.

आता स्टेशनाकडं. एसटी स्टँड आणि मेट्रो शेजारी-शेजारी आहेत, हे सगळ्यात मोठं सुख. सरकत्या जिन्यानं खाली उतरलं की आधी आवाज बदलतो. जेधे चौकातले हॉर्न डोक्यावर राहतात आणि आपण गार, उजेडाच्या मोठ्या दालनात येतो. कोपरे स्वच्छ. माझी नजर आपोआप भिंतींच्या जोडांकडं जाते. पावसाळ्यात जमिनीखालच्या बांधकामाची परीक्षा तिथंच होते, आणि मी बघितलं तेव्हा जोड कोरडे होते.

तिकीट मशिनवर मिळतं, खिडकीवर मिळतं, व्हॉट्सअॅपवरही मिळतं. कागदावरचा किंवा मोबाइलवरचा क्यूआर फाटकाला दाखवायचा. नेहमी जाणाऱ्यानं कार्ड काढावं, रांगच नको. पोरगं पुण्यात शिकायला असेल तर त्याला विद्यार्थ्यांचं सवलतीचं कार्ड काढून द्या. भाडं कमीत कमी दहा रुपये, आणि स्वारगेटवरून पार पीसीएमसीला गेलात तरी चाळीस रुपयांच्या आत काम होतं. पूर्वी माझे एवढे पैसे नुसते स्वारगेटच्या चौकाबाहेर पडायला लागायचे.

फाटकाच्या आधी सामानाची तपासणी असते, आणि आमच्या धंद्यातल्या माणसानं इथं जरा वेळ धरून चालावं. बॅग एक्स-रे मशिनमधनं जाते. पडद्यावर कपडे, डबा, चार्जर सगळं आरपार दिसतं, ओतीव लोखंड दिसत नाही. जिथं कास्टिंग असतं तिथं नुसता काळा ठिपका. जाड लोखंडातून किरण फारसे जातच नाहीत. मशिनवरच्या मुलीनं पट्टा थांबवला, बॅग मागं घेतली, परत पुढं सोडली.

"काका, यात काय आहे?"

"कास्टिंग आहे. गाडीचा पार्ट."

"उघडून दाखवता का?"

पोतं सोडलं. तिनं हातात घेऊन बघितलं, वजनानं हात जरा खाली गेला. "हे कोल्हापूरला बनतं?" म्हणाली. मी मालाचं डिलिव्हरी चलन दाखवलं, त्यावर पार्टचं नाव आणि कंपनीचा शिक्का. तिनं ते नीट वाचलं, साहेबाला हाक मारली, साहेबानंही वाचलं आणि जा म्हणाले. आवाज चढला नाही, कुणी संशयानं बघितलं नाही. तेव्हापासून आमच्याकडं नियमच केलाय: सॅम्पल नेणाऱ्यानं डिलिव्हरी चलन बॅगेच्या वरच्या खणात ठेवायचं, कास्टिंगवर तेल नको, कडा फेटलिंग करून, म्हणजे घासून साफ करून, मोडलेल्या हव्यात. उघडून बघणाऱ्याचा हात कापता कामा नये. सामानाच्या वजनाला आणि आकाराला मर्यादा आहे. मोठा जॉब असेल तर मेट्रोचा नाद सोडा, गाडीच करा.

फलाटावर गेलं की स्वारगेटचा दुसरा फायदा कळतो. हे टोकाचं स्टेशन आहे. गाडी इथंच संपते आणि इथूनच सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. पाच-सहा तासांच्या एसटीनंतर या गोष्टीची किंमत काय, ते कराड-सातारा बघत आलेल्यालाच विचारा. गाडीला दोन्ही टोकांना चालवायची केबिन असते, त्यामुळं इंजिन काढून पलीकडं लावायची भानगड नाही. चालक एका टोकातून उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी माघारी फिरते. त्यामुळंच दर काही मिनिटांनी गाडी सोडता येते.

डबे तीन, ॲल्युमिनियमचे. पुणे मेट्रोनं पोलादी डब्यांऐवजी ॲल्युमिनियमचे डबे घेतले, कारण हलका डबा पळवायला आणि थांबवायला वीज कमी लागते. वीज डोक्यावरून येते, २५ हजार व्होल्ट एसी. मिरज-कोल्हापूर लाइनीवर विद्युतीकरण झालं तिथंही हाच दाब आहे. फरक एवढाच की आपल्याकडं खांबाला ताणलेली तार दिसते, आणि बोगद्यात उंची कमी म्हणून छताला कडक पट्टी बसवलेली असते. रुळांची रुंदी मात्र वेगळी. मेट्रो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावते, आपली रेल्वे ब्रॉडगेजवर.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे गाडीचं थांबणं. प्रत्येक स्टेशनवर दार त्याच खुणेपुढं येऊन उघडतं. सिग्नल यंत्रणा अशी आहे की गाडी कुठं आहे, किती वेगात आहे हे रेडिओवरून सतत कळवलं जातं, आणि मागच्या गाडीनं किती जवळ यायचं ते त्यावर ठरतं. ब्रेकचा हिशोब यंत्र करतं. आमच्या धंद्यात पहिला पीस चांगला काढणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. हजारावा पीस पहिल्यासारखा निघाला पाहिजे. गाडीचं दार रोज त्याच खुणेवर येतं, तेव्हा त्यामागं किती लोकांनी किती बारकाईनं काम केलं असेल, ते मला दिसतं.

टोकाच्या स्टेशनाचं आपल्या गावाशी जुनं नातं आहे. कोल्हापूरची रेल्वे १८९१ ला आली, संस्थानच्या पैशानं. १८८८ मध्ये त्या कामाची पहिली कुदळ मारली ती वयानं लहान असलेल्या शाहू महाराजांनी. तेव्हापासून आजपर्यंत कोल्हापूर हे लाइनीचं शेवटचं स्टेशन आहे. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं वाढला, आणि पेठेजवळ रेल्वे असण्याचा अर्थ व्यापाऱ्यांना बरोबर कळला. मीटरगेजची ती लाइन १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. वडील सांगायचे की त्याआधी गेज बदललं की गाडी बदलायची, आणि हमालाच्या डोक्यावरच्या पेटीवर नजर ठेवत पळायचं. पुढं कोकणात उतरणाऱ्या वैभववाडी लाइनीला २०१६-१७ च्या रेल्वे बजेटात मंजुरी मिळाली, तिची आपण अजून वाट बघतोय. एका कुदळीनंतर तीन वर्षांत मिरजेपर्यंत लाइन टाकणाऱ्या गावाला ही वाट बघणं फार लागतं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर दुसरी वाटही सांगतो. स्वारगेटचं मेट्रो स्टेशन ज्या महिन्यात उघडलं त्याच महिन्यात, १६ सप्टेंबर २०२४ ला, कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. ती आठवड्यातून तीनच दिवस. तिनं किंवा कोयनेनं गेलात तर पुणे रेल्वे स्टेशनशेजारीच दुसऱ्या मार्गिकेचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून मंगळवार पेठ सोडलं की जिल्हा न्यायालय, आणि तिथं गाडी बदलून पिंपरीकडं. बदलायला वेळ धरा. वनाज-रामवाडी मार्गिका वर पुलावर आहे आणि पिंपरी-स्वारगेट मार्गिका सुमारे ३३ मीटर खाली. देशातल्या खोल मेट्रो स्टेशनांत या न्यायालय स्टेशनाची गणती होते. एकापाठोपाठ एक सरकते जिने उतरतच राहायचं. एवढ्या खोलवर दिवसाचा उजेड पोचेल अशी छताची रचना केलीय, ती वर मान करून जरूर बघा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर थेट लिफ्ट गाठा. रुबी हॉलकडं पेशंट घेऊन जाणाऱ्यांनाही एसटीनं आल्यावर हाच बदल करावा लागतो: स्वारगेट ते न्यायालय, मग वर येऊन रामवाडीची गाडी.

एकदा स्वारगेटच्या सरकत्या जिन्यापाशी गारगोटीकडच्या एक काकी थांबलेल्या. हातात दोन पिशव्या, डोक्यावर पदर. मागं माणसं साचत होती.

"बाळा, हे थांबतंय न्हवं मधी?"

"न्हाई काकी, चालूच असतंय. चला, पिशवी द्या इकडं."

"पिशवी ऱ्हाऊ दे. हात धर."

हात धरला, खाली गेलो. काकी मुलीकडं निघाल्या होत्या, पिशवीत तांदूळ आणि चटणी. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून अशा कितीतरी जणी एकट्या पुण्याला येतात. खाली एक कर्मचारी मुलगा आला, त्यानं त्यांना लिफ्ट कुठं आहे ते दाखवलं आणि म्हणाला, "आजी, येताना इकडून या." मला वाटतं हे काम त्या मुलाच्या चांगुलपणावर सोडू नये. स्वारगेटला उतरणाऱ्यांत पहिल्यांदा मेट्रो बघणारी खेड्यातली माणसं इतर कुठल्याही स्टेशनापेक्षा जास्त असणार. इथं जिन्याच्या तोंडाशी सकाळपासून रात्रीपर्यंत एक माणूस फक्त यासाठी उभा असावा. एसटी स्टँडच्या फलाटाफलाटावर मेट्रोकडं नेणारे मोठे बाण असावेत, अक्षरं एवढी ठळक की चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता यावीत. आणि एसटीच्या पायरीपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंतची सगळी वाट छपराखालून असावी. पुण्याच्या पावसात पिशवी सांभाळत पळणाऱ्याला दोन मिनिटांचं अंतरही मोठं होतं.

वेळेचं गणित सांगून ठेवतो. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री अकरापर्यंत असते. कोल्हापूरहून रात्री दहा-साडेदहाची गाडी धरलीत तर पहाटे चारच्या सुमाराला स्वारगेटला पोचाल आणि सहा वाजेपर्यंत स्टँडवर डास मारत बसाल. मध्यरात्रीनंतरची गाडी धरा, उतरून चहा घ्या आणि खाली जा. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळं पोचायचा भरवसा नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला नऊच्या आधीची वेळ देऊच नका. लांब पल्ल्याच्या एसट्या पहाटे येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. निदान या मार्गिकेवर तरी पहिली गाडी पाचला सोडता येईल का, याचा विचार व्हायला हवा. गणेश विसर्जनाला मेट्रो रात्रभर धावते, म्हणजे मनात आणलं तर जमतं.

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. नाशिक फाट्याच्या स्टेशनला आधी भोसरी म्हणायचे, अजून काही जुन्या नकाशांत तसंच आहे. भोसरी एमआयडीसी तिथून बरीच लांब, पुढं रिक्षा लागतेच. चिंचवड, आकुर्डी, निगडीला जाणाऱ्यांना सध्या पीसीएमसीला उतरून बस धरावी लागते. निगडीपर्यंतचं काम चालू आहे, ते झालं की आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या दारापर्यंत पोचू. गर्दीच्या वेळी तीन डबे कमी पडतात. परतीला संध्याकाळी सहानंतर पीसीएमसीवरूनच बसा, मधल्या स्टेशनवर बॅग घेऊन चढायचा प्रयत्न करू नका.

मी या स्टेशनला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा गुण पहाटेच्या वेळेचा आणि छपराचा कापलाय. तो परत द्यायला मला आनंदच होईल.

आता पुढची लाइन. स्वारगेटवरून कात्रजपर्यंत साडेपाच किलोमीटरच्या आतबाहेर, सगळी भूमिगत, अशा मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि स्वारगेटच्या उद्घाटनालाच तिची पायाभरणी झाली. ती झाली की स्वारगेट टोकाचं राहणार नाही आणि आमची हमखास बसायची जागा जाईल, तरी मला ती लवकर हवी आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या दक्षिणेकडूनच पुण्यात शिरतात आणि कात्रज ते स्वारगेट या रस्त्यावर आपला किती वेळ जातो ते सगळ्यांनी भोगलंय. कात्रजला उतरून थेट खाली जाता आलं तर तो सगळा वेळ वाचेल. त्यासाठी कात्रजच्या स्टेशनाचा नकाशा कागदावर असतानाच एसटीला थांबायला स्वतंत्र जागा ठेवली पाहिजे, आणि तिथून जिन्यापर्यंत छप्पर. खड्डा भरून झाल्यावर ही मागणी करून उपयोग नाही. कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांनी आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी एसटी महामंडळ आणि पुण्याची मेट्रो बांधणारी महामेट्रो दोघांनाही याबद्दल आत्ताच लिहावं. आमच्या फाउंड्रीतून मी अर्ज तयार केलाय, शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या ज्यांची माणसं कामासाठी पुण्याला जात असतात त्यांनी सहीला यावं.